पंपावरची पाटी आणि सरकारी तेलकंपन्या

गेल्या उन्हाळी नांगरटीच्या दिवसांत आमच्या संघाच्या मासिक बैठकींत एका सभासद बंधूंनीं एक प्रश्न विचारला. त्यांचेपाशीं ट्रॅक्टर आहे, मळणीयंत्र आहे, आणि नदीकांठच्या चार एकरांस वीज वेळेवर मिळत नसल्यामुळें डिझेलवर चालणारें एक जुनें एंजिनहि त्यांनीं अद्याप मोडींत काढलेलें नाहीं. डिझेलचा भाव हा त्यांच्या दृष्टीनें वर्तमानपत्रांतील बातमीचा विषय नसून बियाणें व खत यांच्याच पंक्तीला बसणारा खर्च आहे. ते म्हणाले, “कच्चें तेल उतरलें असें वाचतों, पण पंपावरची पाटी हालत नाहीं. कच्चें तेल चढलें असें वाचतों, तेव्हांहि पुष्कळदां ती हालत नाहीं. मग ती हालते तरी केव्हां, आणि हालवितो कोण?” बैठकींत यावर बराच वेळ बोलणें झालें. कोणीं सरकारास बोल लावला, कोणीं कंपन्यांस, कोणीं अरब राजांस. एका वृद्ध सभासदांनीं तर सर्व दोष पंपवाल्याच्या माथीं मारला, जो बिचारा या प्रकरणांत सर्वांत निरपराधी आहे. अखेर नेहमींप्रमाणें तें काम या मासिकाकडे सोंपविण्यांत आलें.

कायद्याचें पुस्तक पाहिलें तर उत्तर एका ओळींत देतां येईल. पेट्रोलचा भाव जून २०१० पासून व डिझेलचा ऑक्टोबर २०१४ पासून सरकारी नियंत्रणांतून मुक्त झाला आहे. जून २०१७ पासून तर तो रोज सकाळीं सहा वाजतां बदलण्याची मुभा कंपन्यांस आहे. परंतु देशांतील पंपांपैकीं सुमारें नऊ दशांश पंप ज्या तीन कंपन्यांचे आहेत, त्या इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम व हिंदुस्तान पेट्रोलियम या तिन्ही सरकारच्याच घरच्या. भाव ठरविणारी कंपनी, तिचा मालक, तिच्या मालावर कर बसविणारा, आणि पांच वर्षांनीं मतें मागावयास येणारा, हे चारहि एकाच छपराखालीं राहतात. अशा घरांत कोणता शब्द कोणीं उच्चारला हें बाहेरच्यास ऐकूं येत नाहीं. म्हणून पुस्तकांतील उत्तर बाजूस ठेवून घडलेल्या गोष्टींवरून उत्तर शोधणें आम्हांस अधिक बरें वाटतें.

प्रथम हें घर कां बांधावें लागलें तें पाहूं. कारण आज या कंपन्यांविषयीं रागानें बोलणाऱ्या तरुण मंडळींस ती हकीकत बहुधा ठाऊक नसते. स्वातंत्र्याच्या वेळीं आपल्या देशांतील तेलाचा व्यापार बर्मा-शेल, स्टॅनव्हॅक (जिचीच पुढें एस्सो झाली) व कॅलटेक्स या परकी कंपन्यांच्या हातीं होता. आसामांत दिग्बोई येथें १८८९ पासून तेल निघत होतें व १९०१ पासून तेथें शुद्धीचा कारखानाहि होता, पण देशाच्या गरजेच्या मानानें तें ताटांतील लोणच्याइतकेंच. १९५४ व १९५५ मध्यें मुंबईजवळ तुर्भे येथें दोन, व १९५७ मध्यें विशाखापट्टण येथें एक, असे तीन तेलशुद्धीचे कारखाने या परकी कंपन्यांनीं काढले. परंतु कच्चें तेल कोठून आणावयाचें व काय भावानें, हें त्यांच्याच मर्जीवर होतें, आणि तसे करारच सरकारनें त्यांच्याशीं केलेले होते. भाव ठरविण्याची रीत अशी कीं, परदेशी बंदरावरील जाहीर भाव, त्यावर जहाजभाडें, विमा, वाटेंतील घट व जकात मिळवून होईल ती बेरीज येथील गिऱ्हाइकानें द्यावी. माल तुर्भ्याच्या कारखान्यांतून निघाला तरी तो परदेशांतून तयार होऊन आला असें समजून पैसे मोजावयाचे!

सन १९६० मध्यें रशियानें आपल्या देशास कच्चें तेल स्वस्त देऊं केलें. सरकारनें तें या परकी कारखान्यांस शुद्ध करावयास सांगितलें, तेव्हां त्यांनीं कराराकडे बोट दाखवून साफ नकार दिला. आमच्या मतें आजच्या सर्व कथेचें बीज त्या नकारांत आहे. सरकारला धोरण होतें, पण तें अंमलांत आणावयास हात नव्हता. आदल्याच वर्षीं, १९५९ मध्यें, इंडियन ऑइल कंपनी स्थापन झाली होती. ऑगस्ट १९६० मध्यें रशियाहून तयार डिझेल घेऊन ‘उझगोरोद’ नांवाचें जहाज मुंबईच्या पीर पाव धक्क्यास लागलें आणि या नव्या कंपनीचा व्यापार सुरू झाला. परकी कंपन्यांनीं मागाहून आपल्या कच्च्या तेलाच्या भावांत सूट दिली. दामले समितीनें १९६१ मध्यें त्यांच्या भावाच्या हिशेबास कात्री लावली. नूनमाटी (१९६२), बरौनी (१९६४) व कोयली (१९६५) येथें रुमानिया व रशिया यांच्या साह्यानें सरकारी कारखाने निघाले. केशवदेव मालवीय यांच्या आग्रहानें १९५६ मध्यें तेल व नैसर्गिक वायु आयोगाची स्थापना झालेलीच होती. त्यानें १९५८ त खंबायतला, १९६० त अंकलेश्वरला, आणि १९७४ मध्यें मुंबईच्या पश्चिमेस समुद्राखालीं तेल शोधून काढलें. एस्सो १९७४ त, बर्मा-शेल १९७६ त व त्यानंतर कॅलटेक्स, अशा परकी कंपन्या सरकारनें ताब्यांत घेतल्या. १९७३ च्या अखेरीस तेल उत्पादक राष्ट्रांनीं भाव जवळजवळ चौपट केले होते; त्या काळांत पेट्रोल-पंपाची किल्ली परक्याच्या हातीं असती तर काय झालें असतें, याचा विचार टीकाकारांनींहि अवश्य करावा.

हात मिळाला. आतां त्या हातानें सरकारनें काय काय केलें तें पाहूं.

१९७० नंतरच्या दशकापासून २००२ पर्यंत जी नियंत्रित भावपद्धति होती, ती एका मोठ्या एकत्र कुटुंबाच्या खर्चाच्या वहीसारखी होती. प्रत्येक तेलकंपनीस तिच्या निव्वळ भांडवलावर कर वजा जातां १२ टक्के फायदा बांधून दिलेला असे. पेट्रोल व विमानाचें तेल महाग विकून जें अधिक येईल तें ‘तेल-निधि’ नांवाच्या खात्यांत जमा करावयाचें, आणि रॉकेल व स्वयंपाकाचा वायु स्वस्त दिल्यानें जी तूट येईल ती त्याच खात्यांतून भरून काढावयाची. डिझेलहि पुष्कळ वर्षें या स्वस्ताच्याच बाजूस होतें. त्यांत शेतकऱ्याचें हित होतें, यांत शंका नाहीं. ज्या वर्षीं विहिरीवर वीज नसे त्या वर्षीं या स्वस्त डिझेलानेंच पुष्कळांचीं पिकें वांचविलीं. पण हें निधि-खातें देशाच्या अंदाजपत्रकाच्या बाहेर होतें. अमक्या वर्गास अमुक कोटी रुपये दिले असें कोणत्याहि मंत्र्यास सभागृहांत उभें राहून सांगावें लागत नसे, व विरोधकांस त्यावर मत नोंदवावें लागत नसे. देणें घडे, पण देणाऱ्याची सही कोठेंच नसे. पुढें खात्यांत पैशापेक्षां तूटच अधिक झाली, आणि १९९७ पासून पायरीपायरीनें ही पद्धति मोडण्यास प्रारंभ झाला.

रॉकेलच्या बाबतींत या अदृश्य दानाची किंमत रक्तानें मोजावी लागली आहे, आणि त्यांतील एक प्रकरण आपल्या नाशिक जिल्ह्यांतीलच असल्यामुळें त्यावरून पुढें जाणें आमच्यानें होत नाहीं. शिधापत्रिकेवरचें रॉकेल गरिबाच्या दिव्यासाठीं व चुलीसाठीं होतें. त्याचा भाव डिझेलच्या भावाच्या कितीतरी खालीं ठेवलेला. दोन्ही तेलें एकमेकांत सहज मिसळतात. जेथें एका लिटरमागें इतका फरक पडतो, तेथें टँकर वाटेंतच वळावयाचा हें सांगण्यास अर्थशास्त्री नकोत. उत्तर प्रदेशांतील लखीमपूर खेरी जिल्ह्यांत इंडियन ऑइलच्या मंजुनाथ षण्मुगम् या सत्तावीस वर्षांच्या विक्री-अधिकाऱ्यानें भेसळ करणाऱ्या पंपावर कारवाई केली, म्हणून नोव्हेंबर २००५ मध्यें त्याला गोळ्या घालून ठार मारण्यांत आलें. २५ जानेवारी २०११ रोजीं मनमाडजवळ मालेगांवचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे तेलाच्या भेसळीचा प्रकार पाहून चौकशीस उतरले असतां त्यांना जिवंत जाळण्यांत आलें. गुन्हेगारांचा गुन्हा त्यांच्याच पदरीं. परंतु तो फरक ज्यांनीं कागदावर वर्षानुवर्षें चालूं ठेवला त्यांचा त्यांत कांहींच वाटा नव्हता, असें आम्हांस म्हणवत नाहीं. आणि तें भेसळीचें डिझेल शेवटीं गेलें कोठें? ट्रकांत गेलें तसेंच आपल्या ट्रॅक्टरांतहि गेलें. रॉकेलाला डिझेलासारखी वंगणाची शक्ति नसते; इंधनपंप लवकर झिजतो, व मिस्त्रीचें बिल शेतकऱ्याच्या हातीं येतें. रॉकेलचा भाव हळूहळू चढवून २०२० च्या सुमारास हें अनुदान बंद झालें, व त्या धंद्याचें मूळच तुटलें.

२००२ च्या एप्रिलपासून कंपन्या भाव ठरविण्यास मोकळ्या झाल्या, असें जाहीर झालें. ही मोकळीक दोन वर्षेंहि नीट टिकली नाहीं. २००४ पासून कच्चें तेल चढूं लागतांच पाटीवरचा हात पुन्हां सरकारचा झाला, मात्र या वेळीं लेखी हुकूम फारसा दिसेना. जुलै २००८ मध्यें कच्चें तेल पिंपास १४७ डॉलरपर्यंत गेलें. त्या काळांत एक नवा शब्द प्रचारांत आला : ‘अपुरी वसुली’. परदेशांतून माल आणला असतां जी किंमत पडेल तिच्यांत व सरकारनें घेऊं दिलेल्या किमतींत जें अंतर, ती अपुरी वसुली. हा शब्द नीट समजून घेण्यासारखा आहे. एखाद्यानें आपल्या बळदांतील ज्वारी भाऊबंदांस स्वस्त दिली, आणि मुंबईचा भाव व मुंबईहून परत गांवीं आणण्याचें गाडीभाडें धरून “माझे इतके बुडाले” असा हिशेब मांडला, तर त्यांतील कांहीं भाग खरा व कांहीं भाग कागदी असेल. तेलकंपन्यांच्या बाबतींत खरा भाग मोठा होता, कारण कच्चें तेल बहुतेक विकतच घ्यावें लागतें. पण कागदी भागहि होता, आणि म्हणूनच वर्षाअखेर प्रचंड अपुरी वसुली सांगणारी कंपनी ताळेबंदांत नफा दाखवूं शके. २०१२-१३ या एका सालीं ही रक्कम सुमारें १ लक्ष ६१ हजार कोटी रुपये झाली.

ती भरली कोणीं? कांहीं भाग सरकारनें रोख दिला. २००५-०६ पासून कांहीं वर्षें रोखीऐवजीं सुमारें १ लक्ष ४० हजार कोटींचे रोखे कंपन्यांच्या हातांत ठेवले, आणि त्यांतील शेवटच्यांची मुदत २०२६ पर्यंत लांबविलेली होती. म्हणजे २००८ सालीं आपण जाळलेल्या डिझेलचे पैसे पुढच्या पिढीच्या नांवें लिहिले. सर्वांत विशेष गोष्ट ही कीं, एक वाटा जमिनींतून व समुद्रांतून तेल काढणाऱ्या सरकारी कंपन्यांच्या माथीं मारला. २०१२-१३ मध्यें तो सुमारें ६० हजार कोटींचा होता. मुंबईच्या समुद्रांतील तेलास त्या सालीं बाजारांत मिळणाऱ्या भावाच्या निम्म्याहूनहि कमी पैसे तेल व नैसर्गिक वायु महामंडळाच्या हातांत पडले. दुभत्या गाईचें सगळें दूध काढून घेऊन तिला सरकीहि घालावयाची नाहीं, असा हा प्रकार झाला. जुन्या विहिरी आटतात, नव्या शोधण्यास पैसा लागतो. देशांतील कच्च्या तेलाचें उत्पादन २०११-१२ मध्यें सुमारें ३८० लक्ष टन होतें, तें २०२३-२४ मध्यें २९० लक्ष टनांच्या आसपास आलें. याचें सर्व कारण तो वाटाच होता असें आम्ही म्हणणार नाहीं, कारण जुन्या क्षेत्रांचें वय हेंहि एक कारण आहेच. पण उपाशी गाय अधिक दूध देते, असेंहि कोणी सिद्ध केलेलें नाहीं.

याच काळांतील आणखी एक गोष्ट. २००२ नंतर खासगी कंपन्यांनींहि पंप काढले होते. सरकारी कंपन्यांस तूट भरून मिळे, खासगीस मिळत नसे. २००८ मध्यें रिलायन्सनें आपले सुमारें १,४०० पंप बंद केले. मोकळा बाजार म्हणून ज्याचा डंका पिटला होता, त्यांत दुसरा विक्रेता टिकूंच शकला नाहीं.

जानेवारी २०१३ पासून डिझेल महिन्याला सुमारें पन्नास पैशांनीं चढवीत नेलें, आणि ऑक्टोबर २०१४ मध्यें, कच्चें तेल उतरूं लागल्याची संधि साधून, तें नियंत्रणमुक्त केलें. येथून कथेची दिशा उलटी फिरते. आजवर भाव चढला असतां तो खालीं दाबून ठेवण्यासाठीं कंपन्या उपयोगी पडल्या. आतां भाव उतरला असतां तो वर धरून ठेवण्यासाठीं पडूं लागल्या. एप्रिल २०१४ मध्यें डिझेलवर मध्यवर्ती उत्पादनशुल्क लिटरला ३ रुपये ५६ पैसे होतें. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या अवधींत तें नऊ वेळां वाढून १७ रुपये ३३ पैसे झालें. मे २०२० मध्यें, टाळेबंदीच्या ऐन कडाक्यांत, एका रात्रींत लिटरमागें १३ रुपये वाढवून तें ३१ रुपये ८३ पैशांवर नेलें. दोनशें लिटरच्या एका बॅरलचा हिशेब मांडावा : २०१४ मध्यें त्यावर शुल्क ७१२ रुपये, २०२० मध्यें ६,३६६ रुपये. त्या वसंतांत जगांत कच्चें तेल कित्येक वर्षांत नव्हतें इतकें स्वस्त झालें होतें. आपला कांदा, द्राक्ष व भाजीपाला बाजार बंद म्हणून शेतांत पडून होता, आणि पाटी मात्र जागची हालली नाहीं. कारण उतार सगळा शुल्कानें गिळला. जूनपासून तीच पाटी रोज चढूं लागली.

शुल्क पुढें नोव्हेंबर २०२१ मध्यें १० रुपयांनीं व मे २०२२ मध्यें ६ रुपयांनीं कमी केलें, हें सांगणें न्यायाचें आहे. त्यांत २०२१ च्या फेब्रुवारीपासून ‘कृषि पायाभूत सुविधा व विकास उपकर’ या नांवानें लिटरला ४ रुपयांचा एक भाग आहे. त्या वेळीं दुसरे कर तितकेच कमी केल्यामुळें गिऱ्हाइकास तो जाणवला नाहीं. तथापि शेतीच्या विकासाचा कर शेतकऱ्याच्याच ट्रॅक्टराच्या टाकींतून घ्यावा, ही कल्पना ज्यांना सुचली त्यांच्या विनोदबुद्धीचें कौतुक करावेंसें वाटतें. डिझेल वस्तु व सेवा कराच्या बाहेर आहे. म्हणून कारखानदारास इतर मालावर मिळते तशी वजावट येथें कोणासच नाहीं. राज्य सरकारचा मूल्यवर्धित कर वेगळा.

आतां निवडणुकांकडे वळूं. एप्रिल-मे २०१८ मध्यें कर्नाटकची निवडणूक होती. रोज बदलणारी पाटी सुमारें एकोणीस दिवस स्तब्ध राहिली व मतदान होतांच चालूं लागली. ४ नोव्हेंबर २०२१ पासून २१ मार्च २०२२ पर्यंत, साडेचार महिने, ती पुन्हां स्तब्ध होती. त्या अवधींत उत्तर प्रदेश, पंजाब वगैरे प्रांतांच्या निवडणुका झाल्या, व युक्रेनचें युद्ध पेटून कच्चें तेल १२० डॉलरच्याहि वर गेलें. निवडणुकांचे निकाल लागले, आणि सोळा दिवसांत डिझेल १० रुपयांनीं चढलें. मग ६ एप्रिल २०२२ पासून कंपन्यांनीं पाटीस हात लावला नाहीं तो थेट मार्च २०२४ पर्यंत. तेव्हां लोकसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर भाव २ रुपयांनीं उतरला. हुकूम कोठें आहे असें विचारावें तर कोठेंहि नाहीं. भाव कंपन्यांनीं ‘आपण होऊन’ स्थिर ठेवले. एकदां मात्र पडदा थोडा सरकला होता. ऑक्टोबर २०१८ मध्यें सरकारनें शुल्क दीड रुपयानें कमी केल्याचें सांगतांना, कंपन्याहि आपल्या पदरचा एक रुपया सोसतील, असें त्याच वेळीं जाहीर केलें. ज्यांचा भाव सरकार ठरवीत नाहीं, त्यांच्या वतीनें सरकारनेंच वचन दिलें!

याच २०१८ च्या जानेवारींत तेल व नैसर्गिक वायु महामंडळानें हिंदुस्तान पेट्रोलियममधील सरकारचा ५१ टक्क्यांवरील हिस्सा ३६,९१५ कोटी रुपयांस विकत घेतला. महामंडळ सरकारचें, कंपनी सरकारची, आणि पैसा गेला सरकारच्या तिजोरींत, निर्गुंतवणुकीचा आंकडा पुरा करण्यासाठीं. महामंडळास मात्र त्यासाठीं मोठें कर्ज काढावें लागलें. घरांतल्या घरांत म्हैस विकून बापानें मुलाकडून पैसे घ्यावे व मुलानें ते सावकाराकडून आणावे, असेंच याचें वर्णन आमच्या एका मित्रानें केलें.

वाचक विचारतील, यांत कंपन्या नफा करीत नाहींत काय? करतात, व तोटाहि करतात, आणि दोन्ही धोरणाचेच. एप्रिल ते सप्टेंबर २०२२ या सहामाहींत तिघींस मिळून सुमारें २१ हजार कोटींचा तोटा आला. स्वयंपाकाच्या वायूपायीं सरकारनें त्यांस त्या ऑक्टोबरांत २२ हजार कोटी दिले. २०२३-२४ मध्यें कच्चें तेल मऊ पडलें, पाटी तेथेंच राहिली, आणि तिघींचा नफा सुमारें ८१ हजार कोटींवर गेला. मागचें भरून निघालें, असें त्यांचें म्हणणें. रशियाचें तेल, जें २०२२ पूर्वीं आपल्या आयातींत दोन टक्केहि नव्हतें, तें सवलतीनें घेऊन त्याचा वाटा एकतृतीयांशावर गेला. १९६० सालीं जो सौदा परकी कारखान्यांनीं नाकारला, तशाच जातीचा सौदा या वेळीं आपल्या कंपन्यांनीं बिनबोभाट पार पाडला, हें त्यांचें श्रेय आम्ही मोकळ्या मनानें देतों. पंपावर डिझेल नाहीं असें त्या वर्षांत सहसा झालें नाहीं. शेजारच्या लंकेंत २०२२ मध्यें लोक दिवसचे दिवस रांगेंत उभे होते. परंतु त्या सवलतीचा किती भाग तूट भरण्यांत गेला व किती तिजोरींत, हें गिऱ्हाइकास पावतीवरून कळण्याचा मार्ग नाहीं.

हा रोग केवळ आपलाच नव्हे. मेक्सिकोनें १९३८ मध्यें परकी तेलकंपन्या ताब्यांत घेऊन पेमेक्स काढली; तिच्या उत्पन्नावर खजिना इतकीं वर्षें पोसला गेला कीं, ती कर्जांत बुडाली आणि २००४ नंतर तिचें उत्पादन निम्म्यावर आलें. उलट नॉर्वेनें १९७२ मध्यें सरकारी कंपनी व तिच्यावर देखरेख करणारें तेलखातें हीं आरंभापासूनच निराळीं ठेविलीं, आणि स्वतःच्या तेलाच्या देशांतहि पंपावरचें तेल स्वस्त केलें नाहीं.

आतां ज्या गोष्टींत आपले ऊस-बागाईतदार या कंपन्यांचे गिऱ्हाईक नसून पुरवठेदार आहेत, तिकडे वळूं. पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ मध्यें झाले, ते आपल्या मिरज व मनमाड येथें आणि उत्तर प्रदेशांत. जानेवारी २००३ पासून नऊ प्रांतांत पांच टक्के मिश्रण सुरू झालें, पण पुष्कळ वर्षें तें कागदावरच राहिलें. २०१३-१४ मध्यें प्रत्यक्ष प्रमाण दीड टक्का होतें. २०१८ च्या जैवइंधन धोरणानें बी-हेवी मळी व उसाचा रस यांपासूनहि इथेनॉल करण्यास मोकळीक मिळाली, कर्जाच्या व्याजांत सवलत मिळाली, आणि आपल्या सहकारी कारखान्यांनीं डिस्टिलऱ्या बांधल्या. प्रमाण २०२२ मध्यें दहा टक्के व २०२५ मध्यें वीस टक्के झालें. गिऱ्हाईक एकच : सरकारी तेलकंपन्या. भाव सरकार ठरविणार, किती घ्यावयाचें तें कंपन्या ठरविणार. साखर गुदामांत महिनोन्‌महिने पडून राहते. इथेनॉलचा पैसा लवकर हातीं येतो, म्हणून उसाचीं बिलें वेळेवर निघूं लागलीं. हें सुख खोटें नव्हतें.

पण २०२३ मध्यें पाऊस ओढला. साखर कमी होईल व महागेल, या भीतीनें ७ डिसेंबर २०२३ रोजीं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास एकाएकीं बंदी आली. गाळप सुरू होऊन महिना लोटला होता, कंपन्यांशीं करार झालेले होते, डिस्टिलऱ्यांच्या कर्जाचे हप्ते चालू होते. आठवड्याभरानें, १७ लक्ष टन साखरेइतका रस व बी-हेवी मळी वळवूं देण्याची सवलत मिळाली. संपूर्ण मोकळीक ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस परत आली. मधल्या काळांत मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे भाव देऊन कंपन्यांनीं धान्याकडे मोर्चा वळविला. रसाच्या इथेनॉलचा भाव मात्र २०२२-२३ मध्यें ६५ रुपये ६१ पैसे होता तो २०२४-२५ च्या पुरवठ्यासहि तेवढाच राहिला. आणि याच अवधींत उसाचा किफायतशीर भाव क्विंटलला ३०५ रुपयांवरून ३४० वर गेला व २०२५-२६ साठीं ३५५ झाला. उसाचा भाव वाढला याचा आनंद आम्हांस आहेच. पण वाढलेला ऊस विकत घेऊन न वाढलेल्या भावानें इथेनॉल विकणारा कारखाना आपल्याच भागभांडवलाचा आहे, हें विसरून चालणार नाहीं. आडसाली ऊस शेतांत सोळा-अठरा महिने उभा असतो. जुलैमध्यें लावण केलेल्या उसाच्या आयुष्यांत इथेनॉलचें धोरण तीनदां बदललें, तर शेतकऱ्यानें कोणत्या पंचांगावर लावण करावी? शहरवाल्यांस साखर स्वस्त हवी, हेंहि धोरणच आहे, व तें गैर आहे असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र त्याचा खर्च अंदाजपत्रकांत न पडतां डिस्टिलरीच्या कर्जखात्यांत पडला.

सरकारनें आपल्या कंपन्यांकडून कांहींच काम घेऊं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. तसें असतें तर १९६० चें ‘उझगोरोद’ मुंबईस आलेंच नसतें. दुर्गम तालुक्यांत डिझेल पोंचावें, युद्धाच्या काळांत साठा असावा, भावाचा अचानक बसणारा धक्का थोडा सौम्य व्हावा, हीं कामें सरकारी कंपनीनें करावयाचीं नाहींत तर कोणीं करावयाचीं? आमचा वाद इतकाच कीं, कोणास काय दिलें व कोणाकडून काय घेतलें, हें वहींत लिहिलेलें असावें. आपल्याच राज्यांत मच्छीमार सहकारी संस्थांच्या यांत्रिक नौकांस डिझेलवरील मूल्यवर्धित कराची परतफेड मिळते. ती वेळेवर मिळत नाहीं ही तक्रार कोळी बांधव करतात. पण ती किती मंजूर झाली हें अंदाजपत्रकांत छापलेलें असतें, व कमी पडली तर आमदारास विचारतां येतें. स्वस्त डिझेलच्या जुन्या पद्धतींत हें होत नव्हतें. २०१३ मध्यें सरकारच्याच पेट्रोलियम नियोजन कक्षासाठीं झालेल्या पाहणींत असें दिसलें कीं, देशांत खपणाऱ्या डिझेलपैकीं सुमारें सत्तर टक्के वाहतुकींत जातें व शेतींत सुमारें तेरा टक्केच. म्हणजे शेतकऱ्याच्या नांवानें दिलेल्या रुपयांतील मोठा हिस्सा मोटारगाड्या व ट्रक यांच्याच टाकींत गेला, आणि शेतकऱ्यास मात्र फुकट्या म्हणून बोल ऐकावे लागले.

आमच्या त्या सभासदांस आम्हीं एवढेंच कळविलें आहे कीं, पाटी हालविण्याचा अधिकार कंपनीचा, ती कधीं हालवूं नये हें ठरविण्याची संवय सरकारची, आणि दोहोंच्या मधलें अंतर कधीं गिऱ्हाइकानें, कधीं कंपनीच्या भागधारकानें व कधीं पुढील पिढीनें भरावयाचें. ते म्हणाले, “मग बॅरल आतां भरूं कीं थांबूं?” निवडणूक कधीं आहे तें पाहून ठरवा, असें उत्तर ओठांवर आलें होतें, पण पेरणी निवडणुकीसाठीं थांबत नसते. त्यांनीं बॅरल भरलें.

संघाच्या कार्यकारी मंडळानें या विषयावर दोन ठराव केले आहेत. पंपाच्या प्रत्येक पावतीवर मालाची मूळ किंमत, मध्यवर्ती शुल्क, उपकर, राज्याचा कर व पंपवाल्याचें कमिशन हीं निरनिराळीं छापावीं, असा एक. आणि इथेनॉलचा पुढील दोन हंगामांचा भाव व खरेदीचें प्रमाण आडसाली लावणीच्या आधीं, म्हणजे जूनअखेरपर्यंत जाहीर करावें, असा दुसरा. ठरावांच्या प्रती पेट्रोलियम मंत्रालयाकडे, तिन्ही कंपन्यांच्या मुंबई व दिल्ली येथील मुख्य कचेऱ्यांकडे आणि आपल्या भागांतील खासदारांकडे रवाना झाल्या आहेत. आलेलीं उत्तरें, अथवा उत्तर न आल्यास ती हकीकत, पुढील अंकीं देऊं.